उतरणं आपल्या हातात, वर येणं फाशांच्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडच्या तुमच्या सोसायटीतल्या उन्हाळी शिबिरासाठी, वही-पेन्सिल आणि दोन फाशांवर खेळता येईल असा समुद्रात बुडी मारण्याचा खेळ तुम्ही बसवलाय. फाशांवर पडेल तितके मीटर खाली उतरायचं, एक्का पडला की हवेची एक चौकट कमी करायची आणि ४० मीटरवरच्या खजिन्याला जो आधी पोचेल तो जिंकला. पहिल्या दिवशी मुलं खूश होती, तिसऱ्या दिवशी कोणी फाशांना हात लावेना. चुकतंय कुठे आणि खेळात खरं शास्त्र किती घालावं, हे तुम्ही विचारलंय.

चूक एकच आहे, पण मुळातली आहे. तुमच्या खेळात फासे मुलाला उतरवतात आणि मूल नुसतं मोजत बसतं. म्हणजे ती सापशिडीच झाली, फक्त उलटी टांगलेली. सहा-सहा पडलेलं पोर हुशार ठरतं, एक-दोन पडलेलं बिचारं ठरतं आणि ठरवलेलं मात्र दोघांनीही काही नसतं. समुद्रात नेमकं याच्या उलट आहे. खाली जाणं अगदी सोपं. कमरेला शिसं बांधलं की ते होतंच. किती खाली जायचं, किती थांबायचं, कधी मागे वळायचं हे माणूस ठरवतो. नशिबाशी गाठ पडते ती परतीच्या वाटेवर. म्हणून उतरताना फासे हातात देऊच नका. फासे टाकायचे ते शोधताना आणि वर येताना. एवढा बदल केलात की निम्मं काम झालं.

मी गेली चौदा वर्षं पुण्यात कागदी खेळ बसवतो आणि शाळा-शिबिरांत खेळवतो. पाण्याखाली जायचा नाद त्याच्याही आधीचा. दोन्ही एकत्र करून एक खेळ मी बरीच वर्षं घासत आलोय, घरात त्याला ‘बुडी’ म्हणतात. तोच खाली सगळा देतो. नावासकट उचला, माझी हरकत नाही.

आधी हवा, कारण या खेळात पैसा म्हणाल तर तीच. हौशी पाणबुड्याच्या पाठीवर साधारण १२ लिटरची टाकी असते आणि ती २०० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दोनशेपट दाबाने भरलेली असते. म्हणजे आत २४०० लिटर हवा. पोहत असलेला पाणबुड्या पृष्ठभागावर मिनिटाला सुमारे २० लिटर हवा ओढतो. हिशेब केला तर दोन तास पुरायला हवी. पण पाण्यात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. वर १, १० मीटरवर २, २० वर ३, ३० वर ४, ४० वर ५. छाती तेवढीच फुलते, पण तेवढ्याच श्वासात हवा दुप्पट, तिप्पट, पाचपट भरली जाते. ४० मीटरवर तीच टाकी २४ मिनिटांत रिकामी.

आता हे कागदावर कसं आणायचं? टाकीच्या ४० चौकटी करा. एक चौकट म्हणजे ५ बार, म्हणजे ६० लिटर, म्हणजे पृष्ठभागावरची ३ मिनिटं. एक खेळी ३ मिनिटांची धरा. मग दहाच्या पायरीवर एका खेळीला २ चौकटी लागतात, विसाच्या पायरीवर ३, तिसाच्या ४, चाळिसाच्या ५. गुणाकार नाही, कोष्टक नाही, पायरीसमोर आकडा लिहिला की झालं. आणि गंमत म्हणजे आकडे खरे आहेत. शास्त्र किती घालावं या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच. मुलाने काट मारता मारता जे बोटांना कळतं तेवढंच घाला. बॉइलचा नियम (दाब वाढला की हवा आक्रसते) तोंडाने सांगायला लागलात की शिबिराची शाळा होते. दोन खेळ झाल्यावर एखादी पोरगी आपणहून विचारते, ‘काका, खाली हवा जास्त का लागते?’ तेव्हा सांगा.

प्रत्येकाच्या कागदावर डावीकडे उभी शिडी काढा. सगळ्यात वर होडी, तिच्याखाली ५ मीटरवर ‘थांबा’, मग १०, २०, ३०, ४०. उजवीकडे दहा-दहाच्या चार ओळींत ४० चौकटी. शेवटची ओळ राखीव. ती ठळक करा. ती ५० बार होते, आणि एवढी हवा टाकीत ठेवूनच होडीपाशी यायचं ही समुद्रातली खरीखुरी शिस्त आहे. कोपऱ्यात ‘बुडबुडे’ लिहून सहा लहान गोल. चौकटीची वही असेल तर पट्टीसुद्धा लागत नाही. अप्पा बळवंत चौकात अशा वह्या डझनाने घ्या, शिबिरात त्या पुरत नाहीत. खोडरबर मात्र पिशवीतच राहू दे. हवेची काट पुसता येत नाही, हा पहिला नियम.

इथे एक फजिती सांगतो. एका शिबिरासाठी मी राखीव ओळ लाल रंगाने रंगवून कागद झेरॉक्सला दिला. साठ प्रती आल्या, सगळ्या काळ्या-पांढऱ्या, आणि लाल ओळ इतकी काळी की त्यावर मारलेली काट दिसेना. दुकानदाराशी वाद घालून उपयोग नव्हता, चूक माझीच. मुलांना सांगितलं, समुद्रातही सगळ्यात आधी लाल रंगच जातो; पहिल्या पाच-दहा मीटरांतच लाल गोष्ट मळकट तपकिरी दिसायला लागते. त्यांना ते पटलं. तरी तुम्ही ओळीभोवती जाड चौकट काढा.

मध्ये सगळ्यांसाठी एक सामाईक कागद. त्यावर कुठल्या पायरीवर काय बघायला मिळतं ते: दहावर सहा पोपटमासे, प्रत्येकी १ गुण. विसावर पाच कासवं, प्रत्येकी ३. तिसावर चार पाकट, प्रत्येकी ७. चाळिसावर बुडालेलं जहाज, त्याचा नांगर आणि त्याची डोलकाठी, प्रत्येकी २० गुण. एकाने टिपलं की ते तेवढ्या बुडीपुरतं कागदावरून गेलं. माझ्या घरचे आम्ही चौघं खेळतो तेव्हा हे आकडे बरोबर बसतात. सहाजण असाल तर दहा-वीसवर दोन-दोन वाढवा, खाली हात लावू नका.

‘टिपलं’ हा शब्द मुद्दाम वापरलाय. तुमच्या खेळातला खजिना काढा, असं मी म्हणेन. पाण्याखालून काही उचलून आणायचं नसतं. पोवळं तर कायद्यानेच संरक्षित आहे. बघायचं, फोटो काढायचा, वहीत नोंदवायचं. मुलांना याने काही कमी पडत नाही. उलट ‘मी पाकट बघितला’ हे ‘मला सात मोहरा मिळाल्या’ यापेक्षा जास्त जोरात ओरडलं जातं.

खेळी अशी. आपली पाळी आली की तीनपैकी एक करायचं: खाली, शोध किंवा वर.

खाली जायचं तर एक पायरी उतरा (‘थांबा’ फक्त वर येताना लागतो) आणि पोचलात त्या पायरीचा आकडा भरा, म्हणजे तेवढ्या चौकटींवर काट मारा. फासे नाहीत.

शोध घ्यायचा तर उभे आहात त्या पायरीचा आकडा भरा आणि दोन्ही फासे टाका. बेरीज ७ किंवा जास्त आली तर त्या पायरीवरचं एक तुमच्या नोंदीत. छत्तीसपैकी एकवीस दानं अशी असतात, म्हणजे अर्ध्याहून थोडं बरं.

वर यायचं तर सोडताय त्या पायरीचा आकडा भरा, एक पायरी चढा आणि फासे टाका. इथे बेरीज बघायची नाही, फक्त जुळं पडलंय का एवढं बघायचं. दहावरून थेट होडीत येता येत नाही. आधी ५ मीटरच्या थांब्यावर यायचं, तिथे एक पूर्ण खेळी थांबायचं, त्याच्या २ चौकटी भरायच्या आणि मग होडी. थांब्यावर फासे नाहीत. खऱ्या हिशेबाने तिथे दीड चौकट होते, पण अर्धी काट कशी मारायची यावरून दोन भावांची मारामारी बघितल्यापासून मी दोन केल्या.

जुळं म्हणजे धाप. शोधताना असो वा चढताना, दोन्ही फाशांवर सारखा आकडा आला की मघाशी भरलात तेवढ्याच चौकटी पुन्हा भरायच्या. प्रवाह लागला, मास्कमध्ये पाणी शिरलं, नुसतीच भीती वाटली, काहीही समजा. घाबरलेला माणूस दुप्पट हवा खातो हे मी स्वतःवर अनुभवलंय. मालवणच्या पाण्यात एकदा समोरचं काही दिसेना इतकं ते गढूळ झालं होतं. सूचना एकच होती, जागेवर राहून मोठा, लांब श्वास सोडायचा. मी ती पाळली तोवर टाकीतली हवा दाखवणाऱ्या गेजचा काटा डोळ्यांदेखत खाली गेला होता. फाशांवरचं जुळं पाहिलं की मला तो काटा आठवतो.

आता हिशेब मांडून बघा, कारण खेळाचा जीव त्यात आहे. वीसपर्यंत जायला ३ आणि २ मिळून ५ चौकटी, वर यायला ३, २ आणि थांब्याच्या २ मिळून ७. एकूण १२. चाळिसातून १२ गेले, १० राखीव ठेवले, उरले १८, म्हणजे विसावर सहा शोध. तिसाचं जाणंयेणं २० चौकटींचं. राखीव सोडून १० उरतात, म्हणजे दोन शोध आणि वर थोडी फट. चाळिसाचं जाणंयेणं ३०. राखीव १०. उरलं शून्य! म्हणजे जहाजाकडे नुसतं बघून यायचं असेल तर हवा पुरते. शोध घ्यायचा तर राखीव मोडावीच लागते. हे मी ठरवून जुळवलेलं नाही. दाबाचे खरे आकडे लिहिले आणि ते असे बसले. हौशी पाणबुड्यांना ४० मीटरची मर्यादा का असते (पहिल्या प्रमाणपत्रावर तर १८ च), याचं एक कारण मुलाला इथे कागदावरच सापडतं.

राखीव मोडली तर होडीत आल्यावर तिच्यातल्या दर दोन चौकटींमागे एक गुण कापायचा. सुटी एक चौकट माफ. मी आधी दर चौकटीला एक गुण कापत असे. मग चाळिसावर कोणी जाईचना आणि खेळ कारकुनी व्हायला लागला. मोह थोडा स्वस्तच ठेवावा लागतो.

चढताना एकदाही धाप न लागता थांब्यापर्यंत येण्याची शक्यता दहावरून ८३ टक्के, विसावरून ६९, तिसावरून ५८ आणि चाळिसावरून फक्त ४८. हे आकडे मुलांना आधी सांगू नका. तिघा-चौघांना मिळून छत्तीस दानं टाकायला लावा आणि जुळी मोजू द्या. सहाच्या आसपास येतील. कधी तीन येतील, कधी दहा, आणि मग जो वाद होईल तो ऐकत बसा.

हवा संपली, म्हणजे पुढची खेळी भरायला चौकटी नाहीत, तर काय? त्याच पायरीवर दुसरं कोणी असेल आणि तयार असेल तर त्याची हवा उसनी मिळते. दोघं एकत्र वर येतात, दान एकच टाकतात आणि दोघांच्याही चौकटी त्याच्या टाकीतून जातात. मोबदल्यात वाचलेल्याच्या निम्म्या नोंदी त्याच्या. खऱ्या टाकीला दुसरं तोंड लावलेलं असतं ते याचसाठी. जवळ कोणी नसेल तर हात वर करून थेट होडीत यायचं. त्या बुडीतल्या सगळ्या नोंदी गेल्या, कॅमेरा खालीच राहिला असं समजा, आणि बुडबुड्यांचे दोन गोल भरायचे. जीव जात नाही. लहान मुलांच्या खेळात मी कोणाला मारत नाही.

बुडबुडे आणखी दोन मार्गांनी येतात. घाईत एका खेळीत दोन पायऱ्या चढता येतात, खालच्या पायरीचेच पैसे भरून. पण एक गोल भरायचा. थांब्यावर न थांबता होडीत शिरलात तर तिथेही एक गोल. गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर काय होतं ते मुलांना दाखवा. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन दाब एकदम उतरला की तसाच फसफसतो, सांध्यांत आणि नसांत. टप्प्याटप्प्याने वर येण्याची पहिली शास्त्रशुद्ध कोष्टकं हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये छापली, आणि त्याने प्रयोग केले ते बकऱ्यांवर. मुलांना बकऱ्या आवडतात, एवढं सांगितलं की गोलांचा नियम कोणी विसरत नाही. होडीत आल्यावर ज्याच्याकडे गोल भरलेले आहेत त्याने एक फासा टाकायचा. दान गोलांच्या संख्येइतकं किंवा त्याहून कमी आलं तर पुढची बुडी घरी बसून बघायची. नाहीतर सुटला. दोन बुड्यांच्या मध्ये प्रत्येकाचा एक गोल पुसायचा. तेवढ्यापुरता खोडरबर काढा.

एक प्रामाणिक खुलासा: खरं म्हणजे १० मीटर चढायला मिनिटभराहून थोडं जास्त पुरतं, मिनिटाला ९ मीटरच्या आसपास वेग धरतात. माझ्या खेळात तीन मिनिटं लागतात. एक पायरी, एक खेळी हे गणित सुटसुटीत राहावं म्हणून ही लबाडी केलीय. थांब्यावरची तीन मिनिटं मात्र खरी आहेत.

आता माझा सगळ्यात लाडका नियम. तिसाच्या पायरीवर पाऊल ठेवलं की आपला हवेचा कागद उजवीकडच्या गड्याच्या हाती द्यायचा. काट तो मारणार. आपण बघायचं नाही. वर विसावर आल्यावर कागद परत. खाली असताना बुडीत एकदाच विचारता येतं, ‘किती?’ याला कारण आहे. साधारण ३० मीटरच्या खाली दाबातला नायट्रोजन डोक्यात चढायला लागतो, दोन पेग घेतल्यासारखा. माणूस मजेत असतो आणि गेजकडे बघायचं विसरतो, किंवा बघतो आणि आकडा डोक्यात शिरत नाही. वर आलं की नशा उतरते. हे मुलांना पेगशिवायही समजावता येतं: कागद हातात नसला की आपण हिशेब सोयीचा करतो.

गेल्या मे महिन्यातला एक डाव सांगतो. माझी भाची, वय अकरा, आणि तिच्या उजव्या हाताला माझी आई. आईने आयुष्यभर सारीपाट खेळलाय, फासा टाकण्याआधी ती मुठीत फुंकर मारते आणि दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब कडक ठेवते. भाची तीन खेळींत तिसावर उतरली. २, ३, ४ गेल्या, ३१ उरल्या. कागद आजीकडे. पहिला शोध, पाच-चार, पाकट. उरल्या २७. दुसरा शोध, दोन-तीन, काही नाही. उरल्या २३. इथे तिने विचारलं, ‘आजी, किती?’ ‘तेवीस.’ वर यायला ११ लागतात आणि १० राखीव, म्हणजे हातात दोन. समजूतदार गडी इथे वळतो. ती म्हणाली, एकदाच. उरल्या १९, आणि दान पडलं सहा-सहा. बेरीज बारा, म्हणजे दुसरा पाकट. पण जुळं, म्हणजे धाप, आणखी ४ गेल्या. पोरगी आनंदाने नाचत होती आणि आई शांतपणे काट मारत होती. उरल्या १५.

‘अजून एक शोध घेऊ? किती आहेत?’

‘तुझं विचारून झालंय.’

ती दोन मिनिटं गप्प बसली. बोटांवर मोजलं, चुकली, पुन्हा मोजलं. मग म्हणाली, वर. ४ गेल्या, तीन-एक. विसावर कागद हातात आला तेव्हा ११ चौकटी बघून तिचा चेहरा उतरला, तिच्या मते १५ असायला हव्या होत्या, धापेच्या चार ती विसरली होती. पुढची खेळी: ३ गेल्या, दान चार-चार. आणखी ३. उरल्या ५. मग २ गेल्या, पाच-दोन, थांबा. थांब्याच्या २. होडीत आली तेव्हा टाकीत एक चौकट, ५ बार. दोन पाकटांचे १४, राखीवच्या नऊ मोडल्या म्हणून ४ वजा, दहा गुण. तेवीसवर वळली असती आणि विसावर तीच धाप लागली असती तरी ७ गुण आणि टाकीत ९ चौकटी राहिल्या असत्या. तिला तीन गुण जास्त मिळाले. आईने कागद तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, ‘बघ, तीन गुणांसाठी.’ पुढच्या बुडीत भाची विसाच्या खाली गेली नाही. त्याच्या पुढच्या बुडीत गेली.

डाव तीन बुड्यांचा. प्रत्येक बुडीला टाकी नवी आणि सामाईक कागदावरचं सगळं परत जागेवर. सगळे होडीत आले की बुडी संपली. जो आधी वर आला त्याने बसून बघायचं. बघणाऱ्याला सल्ला द्यायची बंदी आहे, पुण्यात हा नियम पाळून घ्यायला सगळ्यात जास्त मेहनत लागते. तिघा-चौघांचा डाव पाऊण तासात आटोपतो.

तीन बुड्यांच्या खेळात एक जुना रोग असतो. शेवटच्या बुडीत उद्याची फिकीर नसते, मग सगळे गडी चाळिसावर उडी घेतात, दोन-दोन पायऱ्या चढतात आणि गोलांची चेष्टा होते. पुढची बुडी चुकवण्याची शिक्षा तिसऱ्या बुडीनंतर द्यायची कशी? बरीच वर्षं मी गुण कापून बघितले, ते रडीच्या डावासारखं वाटायचं. उत्तर सापडलं ते मालवणहून परत येताना. आम्ही दुपारपर्यंत दोन बुड्या मारल्या होत्या आणि संध्याकाळी निघायचं ठरवत होतो. बरोबरचा अनुभवी गडी म्हणाला, आज नको, उद्या निघू. विमानाचं सगळ्यांना माहीत असतं, एका बुडीनंतर किमान १२ तास आणि लागोपाठच्या बुड्यांनंतर १८ तास विमानात बसू नये. वर हवेचा दाब कमी, अंगात उरलेला नायट्रोजन पुन्हा फसफसतो. पण मालवणहून पुण्याला यायचं तर कुठला तरी घाट चढावा लागतोच. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे, आणि पुणं स्वतः ५६० मीटरच्या आसपास. समुद्रकाठच्या माणसाला हा प्रश्न नाही, आपल्याला आहे.

तर घाटाचा नियम: तिसऱ्या बुडीनंतर फासा टाकताना गोल दुप्पट धरायचे. एक गोल असेल तर १ किंवा २ आलं की अडकलात, दोन असतील तर १ ते ४, तीन असतील तर सुटका नाही. अडकला त्याचे त्या बुडीतले गुण निम्मे, तो मालवणलाच मुक्कामाला राहिला. कोणाला घाट चुकवायचाच असेल तर फासा टाकण्याआधी ‘मी उद्या निघतो’ म्हणून ३ गुण सोडून द्यावेत, मग फासा नाही. हा नियम आल्यापासून शेवटच्या बुडीतही थांब्यावर शहाण्यासारखं थांबतात.

काही गोष्टी मी घालून काढून टाकल्या, तुम्हालाही त्या सुचतील म्हणून सांगतो. उतरताना कानात दडे बसतात, त्याचा एक नियम होता. खरा होता, पण कंटाळवाणा. दिवस-रात्र होतं, ते विसरून जा. आणि मुशी. मुलं शार्क मागणारच, तिसऱ्या मिनिटाला मागतात. हल्ला करणारा शार्क घालू नका, हवेचा सगळा ताण त्याच्या एका जबड्यात जातो. फारच हट्ट झाला तर तिसावरच्या एका पाकटाची मुशी करा, ९ गुण. बघून पळायचं नाही, बघून नोंदवायचं.

तुमच्याकडे धाप फार लागून मुलं हिरमुसली, तर जुळं पडल्यावर पूर्ण आकड्याऐवजी एकच चौकट जास्त घ्या. उलट सगळे विसावरच घुटमळत असतील तर कासवं पाचाची तीन करा. नियमांना हात लावण्याआधी हे दोन स्क्रू फिरवून बघा.

सात वर्षांखालची मुलं लिंबूटिंबू. त्यांना धाप लागत नाही आणि बुडबुडे येत नाहीत, फक्त हवा मोजायची. त्यांना त्यात कमीपणा वाटत नाही. माझ्याकडच्या एका लिंबूटिंबूने जहाजाचा नांगर दोनदा टिपलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो ते सांगतो. पहिल्या दिवशी गोल, घाट आणि उसनी हवा सांगूच नका. नुसती टाकी, शोध, धाप आणि थांबा. दुसऱ्या दिवशी तिसाखालचा कागद शेजाऱ्याकडे द्यायला लावा. घाट तिसऱ्या दिवशी, जेव्हा कोणीतरी शेवटच्या बुडीत दोन-दोन पायऱ्या चढून जिंकेल आणि बाकीचे तुमच्याकडे तक्रार घेऊन येतील तेव्हा.